पाच ओळींचा कागद

१२ नोव्हेंबर २०१४, बुधवार. रक्कम १,८४,६५०.

वायरकाकूंच्या हातात सकाळी साडेनऊला जे पत्र पडले, त्यात सगळ्यांत वर ही तारीख होती आणि सगळ्यांत खाली ही रक्कम. मधल्या मजकुराचा अर्थ सरळ होता. आदल्या दिवशी औषधांच्या या घाऊक कंपनीचे संगणक सकाळी दहा वाजून दहा मिनिटांपासून दुपारी चार पन्नासपर्यंत धड चालले नाहीत. तेवढ्या वेळात एवढ्या रकमेच्या मागण्या दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे गेल्या. दोष बिघडलेल्या केबलचा होता आणि ती बदलण्याचा आदेश देऊनही वायरकाकूंनी बदलली नाही. चूक मान्य म्हणून सही केली, तर रक्कम पगारातून छत्तीस हप्त्यांत कापली जाईल. पस्तीस हप्ते ५,१२९ चे, शेवटचा ५,१३५ चा. सही केली नाही, तर शनिवारी चौकशी, आणि चौकशीनंतर नोकरी संपली असे समजावे.

काकूंनी पत्र दोनदा वाचले. हप्त्यांची बेरीज मनातल्या मनात करून पाहिली.

"हिशेब चोख आहे," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "बाकी सगळं खोटं आहे."

"काकू, तुमच्या वयाकडे बघून बोलतोय. सही करा, मिटवून टाकू."

"माझं वय बावन्न. त्या केबलचं चार. दोघींनाही काही झालेलं नाही."

व्यवस्थापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग शनिवारपर्यंत तळमजल्यावर तुमच्या खोलीत बसायचं. वरच्या कुठल्याही मजल्यावर जायचं नाही, कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही."

"बसते," काकू म्हणाल्या, आणि पत्राची घडी करून पर्समध्ये टाकली. सही न करता.

काकू या कंपनीत लागल्या तेव्हा टेलिफोनच्या बोर्डावर बसत. कानाला यंत्र, समोर भोकांच्या रांगा, हातात दोरीसारख्या वायरी. अकरा वर्षांपूर्वी बोर्ड भंगारात गेला. बोर्डावरच्या बाकीच्या तिघी हिशेबाचे पैसे घेऊन घरी गेल्या. काकू गेल्या नाहीत. "बोर्ड गेला, वायरी कुठे गेल्या? वायरी तर वाढल्यात," असे म्हणून त्या खुर्चीला चिकटून बसल्या. शेवटी कंपनीने वैतागून त्यांना नऊ आठवड्यांच्या संध्याकाळच्या वर्गाला घातले.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. दोन संगणकांमधले बोलणे थराथरांत कसे वाटलेले असते, हा विषय होता. मास्तरांनी सात थर फळ्यावर लिहिले आणि पाठ करायला सांगितले. काकूंना पाठांतर कधीच जमले नव्हते. पण घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून त्या विचार करत राहिल्या, आणि आपली कंपनीची इमारत त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

चौथ्या मजल्यावर विक्रीवाले. कोणाला काय पाठवायचे, हे ते ठरवतात. माल रस्त्याने जातो की नदीने, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. तिसऱ्या मजल्यावर पॅकिंग. मोठी मागणी तिथे खोक्यांत फोडतात, प्रत्येक खोक्यावर 'बारापैकी तीन' असा आकडा टाकतात, आणि पलीकडून पोच आली नाही तर तेच खोके पुन्हा पाठवतात. दुसऱ्या मजल्यावर पाठवणी. खोक्यावर शेवटचा पत्ता लिहायचा आणि कोणत्या गावावरून न्यायचे ते ठरवायचे. पहिल्या मजल्यावर वाहतूक. त्यांना फक्त पुढचा थांबा कळतो. या गाडीतून त्या डेपोच्या दारापर्यंत, तिथे त्या माणसाच्या हातात, एवढेच त्यांच्या चिठ्ठीवर असते, आणि प्रत्येक थांब्यावर ती चिठ्ठी फाडून नवी लावली जाते. तळमजल्यावर उतरण, चाके, रस्ता. खोक्यात काय आहे हे तिथे कोणी विचारत नाही.

संगणकाचेही असेच. प्रत्येक थर वरच्याकडून घेतो, आपली चिठ्ठी चिकटवतो, खालच्याकडे देतो. पलीकडच्या टोकाला तळापासून वर जाताना प्रत्येक थर फक्त आपली चिठ्ठी सोडवतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीत नाक खुपसत नाही. म्हणून तर वायर बदलून उद्या हवेतून संदेश पाठवले, तरी चौथ्या मजल्यावर कोणाला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या परीक्षेत त्या वर्गात तिसऱ्या आल्या.

तेव्हापासून त्यांनी एक कागद सुरू केला. त्यावर पाच ओळी. सर्वांत खालची ओळ वायरीची, सर्वांत वरची कामाच्या प्रोग्रामची. तक्रार आली की काकू खालून सुरुवात करत. खालची ओळ तपासून बरोबरची खूण केल्याशिवाय वरच्या ओळीला हात लावायचा नाही, आणि जिथे अडेल तिथल्या ओळीत वेळ घालून लिहायचे. अकरा वर्षांत त्यांनी एकही ओळ उडी मारून ओलांडली नाही. लोक चेष्टा करत. "काकू, नुसता कीबोर्ड अडकलाय हो, तुमची पंचारती ओवाळू नका," असे हिशेबनीस म्हणत. काकू ऐकून घेत आणि टेबलाखाली वाकून वायरीपासून सुरू करत.

मंगळवारीही त्यांनी तेच केले होते. पहिली ओळ, वायर: दोनदा तपासली, ठणठणीत. दुसरी ओळ, शेजारी शेजाऱ्याला हाक मारतो का: मारतो. तिसऱ्या ओळीत घोडे अडले. इमारतीतून बाहेर जाणारे प्रत्येक बोलणे गेटवे नावाच्या एका यंत्रातून जाते. ते बाहेरचे दार. त्या दाराच्या पत्त्यावर हाक मारली की ओ येत होती, पण ओ देणारे यंत्र दुसरेच होते. अशा प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. ओ देणाऱ्याच्या क्रमांकाचा शेवट ४० १७ असा होता. खऱ्या गेटवेचा तसा नव्हता. काकूंनी तिसऱ्या ओळीत हे सगळे लिहिले, वेळ घातली, अकरा वीस, आणि कागद घेऊन चौथ्या मजल्यावर गेल्या.

तिथे सिस्टीमवाले साहेब बसत. तिशीचा माणूस, शिकलेला, हुशार, आणि त्या दिवशी दोन्ही कानांना दोन फोन.

"साहेब, दाराच्या पत्त्यावर कोणीतरी भलताच बसलाय. सगळ्या वायरी ज्या पेटीत जुळतात, त्या स्विचला विचारलं तर तो सांगेल हा ४० १७ कुठल्या भोकात आहे. पासवर्ड तेवढा द्या."

"काकू, पत्ते देणं माझं काम. तुमचं काम वायर. आपापल्या थरात राहा ना."

"थरात राहायचं म्हणजे खालच्याचं ऐकायचं नाही, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

साहेबांनी कागद न वाचता ट्रेमध्ये टाकला. तेवढ्यात व्यवस्थापक आले आणि गरजले, "कुठे चालतंय, कुठे नाही, म्हणजे वायरच! केबल बदला!"

"वायर तुटली तर एका बाजूचे सगळे बंद पडतात, साहेब. इथे एकाच टेबलावर एकाचं चालतंय, दुसऱ्याचं नाही. केबल बदलून काही होणार नाही."

"मी सांगतोय ना, बदला!"

"चांगली केबल मी काढणार नाही."

आणि त्या खरोखरच निघून गेल्या. पासवर्ड नाही तर नाही. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर क्रमांकाची पट्टी असते, ती वाचत जायचे, असे त्यांनी ठरवले. इथे त्यांनी एक चूक केली, आणि ती दुसऱ्या कोणी केलीच नसती. सवयीप्रमाणे त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली. टॉर्च घेऊन, कपाटे सरकवून, धूळ खात त्यांनी एकेचाळीस यंत्रे पाहिली. तळमजला संपला, पहिला संपला, दुसरा संपला. चार पन्नासला त्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात होत्या, तेव्हा वरून आरडाओरडा ऐकू आला. चालू झाले होते. व्यवस्थापकांनी बाहेरून बोलावलेल्या कारागिराने पाच मिनिटांपूर्वीच नवी केबल लावली होती.

"आता बोला," व्यवस्थापक म्हणाले.

काकू टॉर्च विझवून जिना उतरल्या.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी पत्र घरात दाखवले. घरात तिघेच: काकू, त्यांचे यजमान आणि नणंद. यजमानांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, दुकान कसले, जिन्याखालची एक खिडकी. नणंदेने पत्र वाचून कपाळाला हात लावला.

"वहिनी, छत्तीस हप्ते म्हणजे तीन वर्षं. हां हां म्हणता जातील. नोकरी गेली तर काय खाणार आहात? तो पाच ओळींचा कागद?"

"वन्सं, पैसे कापले तर मी दोन घास कमी खाईन. पण सही केली, तर त्या इमारतीत यापुढे काहीही बंद पडलं की माझीच वायर. अकरा वर्षांचे सगळे कागद खोटे ठरतील."

"ठरले तर ठरले! कोण वाचतंय ते?"

"मी वाचते."

मग काकू नवऱ्याकडे वळल्या. नणंदेसमोर चढवलेला आवाज खाली आला. "अहो, पण केबल बदलली आणि पाच मिनिटांत चालू झालं. माझंच चुकलं असेल का?"

यजमान भिंग डोळ्याला लावून एक चक्र पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तू ती तपासली होतीस?"

"दोनदा."

"मग झालं. अगं, गिऱ्हाईक येतं, म्हणतं सेल बदला. मी नको म्हणतो, तो ऐकत नाही. बदलतो. उघडझाक करताना घड्याळ हलतं, अडकलेला काटा सुटतो, घड्याळ सुरू. गिऱ्हाईक म्हणतं, बघा, सेलच होता."

"म्हणजे त्याच वेळी दुसरं काहीतरी हललं."

"ते काय, ते मी कसं सांगू? मी घड्याळवाला."

काकूंनी पोळीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. पावणेपाच ते पाच. या पंधरा मिनिटांत इमारतीत आणखी काय हलले, हे शोधायला हवे होते, आणि वर जायला त्यांना बंदी होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगची मुकादम खाली डोकावली. जाडजूड, मोकळ्या गळ्याची बाई, तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा जणींना ती नुसत्या आवाजावर चालवी.

"काय काकू, कोंडून ठेवलंय म्हणे?"

"कोंडलं नाही गं. कुंडीत लावलंय. पाणी घालायला मात्र कोणी येत नाही."

मुकादम खळखळून हसली आणि स्टुलावर बसली. काकूंनी विचारले, "परवा पावणेपाच ते पाच, तुमच्या मजल्यावर काय झालं?"

"काय होणार? घरी जायची घाई."

"काही चालू केलं? बंद केलं? आठव."

"ते नवीन लेबलं छापायचं मशीन बंद केलं की. सिस्टीमवाल्यांनी सकाळी दहाला बसवून दिलं होतं. बाई बाई, दिवसभर त्याचे दिवे नुसते लुकलुकत होते, आणि लेबल म्हणाल तर एक बाहेर येईना. पाचला निघायचं म्हणून मी दहा मिनिटं आधीच बटण दाबलं."

काकूंनी पटकन विचारले, "परत लावलं?"

"छे! त्याची फीत चुकीच्या मापाची आलीय. कापड टाकून ठेवलंय."

काकूंनी कागदाच्या चिटोऱ्यावर दोन आकडे लिहून दिले. "त्याच्या पाठीवर एक पट्टी असेल. शेवटी हे आहेत का, एवढं बघ. बटणाला हात लावू नकोस."

सात मिनिटांनी मुकादम परत आली. जिना उतरून तिला धाप लागली होती, म्हणून तिने काही न बोलता चिटोरा पुढे केला. खाली तिच्या हातचे आकडे होते. ४० १७.

"शनिवारी हे सगळ्यांसमोर सांगशील?"

"सांगेन की! बटण दाबलंय, दरोडा नाही घातला."

शनिवारी अकरा वाजता चौथ्या मजल्यावर चौकशी बसली. मधोमध कंपनीच्या मालकीणबाई, उजवीकडे व्यवस्थापक, डावीकडे सिस्टीमवाले साहेब. काकूंना खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

व्यवस्थापकांनी पत्र वाचून दाखवले आणि विचारले, "शेवटचं विचारतो. सही करता की नाही?"

"नाही."

"कारण?"

काकूंनी मंगळवारच्या कागदाची आपल्याकडची प्रत टेबलावर ठेवली आणि बोलायला लागल्या. आपल्याच पाच मजल्यांवरून त्यांनी पाच ओळी सांगितल्या. व्यवस्थापक चुळबुळले. "हा काय शाळेचा तास आहे?"

"असू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "मला कळतंय, पहिल्यांदाच."

सिस्टीमवाले साहेब मध्येच बोलले. "मॅडम, शास्त्रात सात थर आहेत. काकू पाचच सांगताहेत."

"सात आहेत खरे," काकू म्हणाल्या. "पण वरच्या तिघांचं काम आपल्याकडे एकटे साहेबच करतात. म्हणून मी एक ओळ दिली."

मालकीणबाईंना हसू आवरले नाही. मग त्यांनी विचारले, "पण बाई, केबल बदलल्यावर चालू झालं, त्याचं काय?"

"त्याच सुमाराला पॅकिंगवर एक मशीन बंद झालं. त्याला आणि बाहेरच्या दाराला एकच पत्ता दिला गेलाय. त्या पत्त्यावर हाक मारली की दोघेही 'मी, मी' म्हणून ओरडतात. ज्या संगणकाने दाराचं ऐकलं, त्याचं काम झालं. ज्याने मशीनचं ऐकलं, त्याने आपल्या मागण्या लेबलाच्या मशीनला नेऊन दिल्या. ते बिचारं काय करणार? घेत राहिलं आणि फेकत राहिलं."

"हे सगळं तोंडाने," व्यवस्थापक म्हणाले.

"तोंडाने नको. तुमच्याच कारागिराला बोलवा, जुनी केबल परत लावू द्या. मी हात लावणार नाही. मग ते मशीन चालू करा. पाच मिनिटं."

"चालू दिवशी? आणखी नुकसान करायचंय?"

"सहा तास चाळीस मिनिटांचं माझ्या नावावर टाकलंत ना? त्यात ही पाच मिनिटंही धरा. खोटी ठरले तर दोन्ही मिळून सही करते."

मालकीणबाईंनी मान डोलावली.

अकरा चाळीसला कारागिराने जुनी केबल लावली. संगणक चालत राहिले. दहा मिनिटे वाट पाहिली, चालतच राहिले. अकरा पन्नासला काकूंनी जिन्यातून हाक दिली आणि तिसऱ्या मजल्यावर मुकादमने बटण दाबले.

एक मिनिट गेले. काही झाले नाही. दुसरे गेले. व्यवस्थापक आपल्या पडद्याकडे बघत खुर्चीत मागे रेलले. तिसऱ्या मिनिटाला टेबलावरचा फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडत होते, "साहेब, परत गेलं! शेजारच्याचं चालतंय, माझं नाही!" फोन ठेवतात तोवर व्यवस्थापकांचा स्वतःचा पडदा थिजला.

"बंद कर गं!" काकू जिन्यात ओरडल्या.

थोड्या वेळात सगळे पूर्ववत झाले. जुन्या केबलवर.

मशीन वर आणून त्याच्या सेटिंगचे पान पडद्यावर उघडले, तेव्हा सिस्टीमवाल्या साहेबांचे कान लाल झाले. तिथे दोन चौकटी एकाखाली एक होत्या. एकीत मशीनचा स्वतःचा पत्ता लिहायचा, दुसरीत बाहेरच्या दाराचा. दोन्हीत दाराचाच लिहिलेला होता.

"घाई होती," ते पुटपुटले.

"ती चूक माझ्याकडूनही झाली असती, साहेब," काकू म्हणाल्या. "चौकटी तशाच चिकटून असतात. पण अकरा वीसला मी लिहून दिलं होतं. वाचलं असतं तर साडेअकराला सगळं सुरू झालं असतं. ते का वाचलं नाही, हे कोणी विचारणार आहे का?"

कोणी विचारले नाही. तासाभराने व्यवस्थापकांनी नवे पत्र टाइप करून आणले. वसुली मागे घेतली होती. त्याखाली लिहिले होते की, झालेला प्रकार दोन्ही बाजूंच्या संवादाच्या अभावामुळे घडला, आणि काकूंच्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ होती.

"यावरही सही नाही," काकू म्हणाल्या.

"अहो, आता काय? पैसे माफ केले ना!"

"माफ? माफ करायला मी देणं लागत होते का? माझ्या बाजूने संवादाचा अभाव नव्हता. वेळेसकट कागद आहे. 'मागे घेतले' नको, 'आरोप खोटा होता' असं लिहा. आणि यापुढे माझा कागद ज्याच्या टेबलावर जाईल, त्याने मिळाल्याची सही आणि वेळ घालायची. पॅकिंगवाल्यासुद्धा पोच आल्याशिवाय खोकं पोचलं असं धरत नाहीत."

व्यवस्थापकांनी मालकीणबाईंकडे पाहिले. मालकीणबाईंनी पेन काढले, 'संवादाचा अभाव' ही ओळ खोडली, समासात 'आरोप चुकीचा' असे लिहून सही केली.

"'खोटा' लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "'चुकीचा' लिहिलंय."

काकूंनी क्षणभर विचार केला. "चालेल. तारीख घाला."

सोमवारपासून पाच ओळींच्या उजव्या बाजूला पोच नावाचा एक उभा रकाना छापून आला. सिस्टीमवाले साहेब त्यात सही करतात, वेळही घालतात. कधीकधी दात ओठ खात. स्विचचा पासवर्ड बंद पाकिटात काकूंच्या खणात असतो. कुठे काही बंद पडले तर त्या अजूनही तळमजल्यापासूनच सुरुवात करतात, आणि "उडी मारा हो काकू" असे कोणी म्हटलेच, तर टॉर्च त्याच्या हातात देऊन "तूच ये वाकायला" म्हणतात.

काकूंना खाली बसवून ठेवले ते तीन दिवस, १२, १३ आणि १४ नोव्हेंबर, हजेरीपटावर गैरहजर म्हणून लागले. त्यांचा पगार २,१६०. तो अजून मिळालेला नाही.